फॅशनच्या पानामागची चित्रकर्ती

एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस म्हटलं की आपल्याला मोने, रेन्वार, देगा आठवतात. पण त्या काळी घराघरांत पोचणारी चित्रं वेगळीच होती. ती बायकांच्या मासिकांत यायची. नव्या फॅशनचे झगे घातलेल्या दोघी-तिघी, मागे पियानो किंवा बाग, आणि त्यातली एक बऱ्याचदा आपल्याकडे पाठ करून उभी! ही चित्रकाराची लहर नव्हे. झगा मागून कसा दिसतो हे शिवणारणीला कळायला हवं ना!

अशी चित्रं काढणाऱ्यांत एलोइझ लेल्वार हे एक ठळक नाव. ती माहेरची कोलँ. वडील अलेक्झांद्र-मारी कोलँ चित्रकार, प्रसिद्ध दलाक्र्वाचे मित्र. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत मुलींना १८९७ पर्यंत प्रवेशच नव्हता. त्यामुळे वडिलांचा स्टुडिओ हीच एलोइझ आणि तिच्या बहिणी अनाईस व लॉर यांची शाळा.

एलोइझने जलरंगातली चित्रं केली, हस्तिदंतावर काढतात तशी लघुचित्रं केली, पुस्तकंही सजवली. पण जास्त पसरली ती फॅशनचित्रं. तिचं मूळ चित्र कारागीर धातूच्या पत्र्यावर कोरायचा, मग ते छापलं जायचं आणि प्रत्येक प्रत हाताने रंगवली जायची. अनाईसचा नवरा १८५४ साली वारला, पदरात लहान मुलं. तिचा संसार याच कामावर चालला. म्हणजे हा बड्या घरच्या बायकांचा छंद नव्हता, पोटापाण्याचा धंदा होता.

गंमत अशी, की हे काम जन्मतःच शिळं होण्यासाठी असायचं. पुढचा अंक आला की मागचा झगा जुना. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे दुःख मला चांगलंच समजतं! आम्ही लिहिलेलं पाच वर्षांनी कोण बघतं? कलेच्या इतिहासानेही या चित्रांना फारसं जवळ केलं नाही. पण १८६० साली घेरदार झग्याची बाही कशी होती, लेस कुठे लावत, लहान मुलीला काय घालत, हे आज विचारायचं तर ही पानंच उघडावी लागतात.

हे मोल ओळखलं तिच्याच मुलाने. मोरीस लेल्वार स्वतः चित्रकार. 'थ्री मस्केटिअर्स'च्या १८९४ च्या आवृत्तीसाठी त्याने काढलेली चित्रं गाजली. डग्लस फेअरबँक्सने 'द आयर्न मास्क' (१९२९) या सिनेमाच्या पोशाखांसाठी त्याला थेट हॉलिवूडला बोलावून घेतलं. मोरीसने १९०७ मध्ये पोशाखांच्या इतिहासासाठी संस्था काढली. तिने जमवलेले सुमारे २००० नग १९२० मध्ये पॅरिस शहराला मिळाले. आईने कागदावर उतरवलेले कपडे मुलाने खरेखुरे जपून ठेवले, असंच म्हणा ना!

त्या संग्रहातूनच पुढे पॅरिसचं फॅशन म्युझियम उभं राहिलं. १९७७ पासून ते पाले गालिएरामध्ये आहे. आयफेल टॉवर बघून झाला की नदी ओलांडायची, थोडं चालायचं. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन जरूर डोकावा.