पोपटपंची आणि पोपटाची वाणी

अर्थ न उमगता केलेल्या पाठांतरास आपण ‘पोपटपंची’ म्हणतो. शाळेत हा शब्द विद्यार्थ्यांच्या वाट्यास वारंवार येतो. श्रोतेहो, ज्या पक्ष्याच्या नावे हा आरोप होतो, त्याचा इतिहास मात्र काही निराळेच सांगतो.

इ. स. १८०० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट यांनी दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीवर प्रवास केला. तेथील धबधब्यांनजीक पूर्वी आतुरेस नावाची जमात नांदत होती. ती तोवर नामशेष झाली होती. मायपुरेस या गावी मात्र एक म्हातारा पोपट जिवंत होता. त्याचे बोलणे कोणासच कळत नसे. तो आतुरेसांची भाषा बोलतो, असे तेथील लोक सांगत. हंबोल्ट यांनी ही हकीकत नमूद करून ठेवली आहे. शब्द उरले होते, त्यांना उत्तर देणारी माणसे उरली नव्हती.

पोपट थव्याने राहतो आणि साद घालून सोबत्यांस ओळखतो. ओरिनोको ज्या व्हेनेझुएलातून वाहते, त्याच देशातील चिमणीएवढ्या पोपटांचा अभ्यास करून संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले की, पिलाची स्वतःची साद उपजत नसते. ते ती आपल्यास वाढविणाऱ्या आईबापांकडून शिकते. पिंजऱ्यातील पोपटास घरची माणसे हाच थवा, आणि त्यांचे शब्द हीच साद होय.

१९७७ मध्ये आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन विदुषींनी अ‍ॅलेक्स नावाचा करडा आफ्रिकन पोपट शिकविण्यास घेतला. त्याच्यासमोर दोन माणसे एखाद्या वस्तूविषयी प्रश्नोत्तरे करीत. अचूक नाव सांगणाऱ्यास ती वस्तूच मिळे. ते पाहून पोपटही चढाओढीत उतरे. २००७ मध्ये तो मरण पावला, तोवर त्यास सुमारे पन्नास वस्तूंची नावे, सात रंग आणि सहापर्यंतच्या संख्या अवगत झाल्या होत्या. सफरचंदास शिक्षकांनी सांगितलेले नाव मात्र त्याने घेतले नाही. तो त्यास ‘बनेरी’ म्हणे. ‘बनाना’ आणि ‘चेरी’ या परिचित शब्दांचा तो मिलाफ असावा.

त्यास मनुष्याची भाषा आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु प्रश्नास उत्तर आणि उत्तरास वस्तू मिळत गेली, तेथे त्याच्या शब्दांस अर्थ आला. ज्याच्या शब्दास कोणी उत्तरच देत नाही, त्याच्यापाशी नुसता घोष उरतो. मग तो ओरिनोकोकाठचा पोपट असो वा वर्गातील विद्यार्थी.