भिंत, क्रूस आणि रिकामी कबर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीची धरणी हादरली. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून गावे नुकती कोठे निजली होती. दगड आणि चिखल यांच्या जाडजूड भिंती, वर लाकडाच्या वाशांवर मातीचे थर चढवलेले माळवद, अशी आपल्या भागातील जुनी घरे. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे दगावली आणि बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

आम्ही त्या वेळी सेमिनरीत ईशज्ञानाचे धडे गिरवीत होतो. पुढे याच भागात सेवेसाठी आलो, तेव्हा एका वृद्धेने विचारलेला प्रश्न आमच्या मनातून आजवर गेलेला नाही. तिची सून आणि दोन नातवंडे भिंतीखाली गेली होती. आमचे असे कोणते पाप भरले होते, एवढेच तिने विचारले. आम्ही तिला सेमिनरीत पाठ केलेले उत्तर दिले. देव ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांची परीक्षा घेतो, असे काहीसे ते होते. तिने ते ऐकून घेतले, पदर सावरला आणि ती निघून गेली. तिचे समाधान झालेले नाही, हे आम्हांस तेव्हाच कळले. आपले उत्तर अपुरे होते, इतकेच नव्हे तर ते ख्रिस्ताचेही नव्हते, हे कळण्यास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अशाच एका पडझडीची वार्ता आहे. यरुशलेममध्ये शिलोहचा बुरूज कोसळला आणि अठरा माणसे मेली. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय, हा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच लोकांसमोर मांडला आणि त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी दिले. त्याने पश्चात्तापाचे आवाहन केले, पण ते जिवंत राहिलेल्यांना. मेलेल्यांच्या पदरी त्याने पाप बांधले नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला, तेव्हाही त्याने ते पाप अंधाच्या वा त्याच्या आईबापांच्या माथी मारू दिले नाही. दुःख दिसले की त्यामागे पाप शोधायचे, ही माणसाची जुनी खोड आहे. ती आपल्या प्रभूने मोडली आणि आपण ख्रिस्ती लोकांनी ती पुन्हा जोडली.

मराठी माणसाला भिंतीखालच्या मृत्यूची आणखी एक कथा ठाऊक आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि संत चोखामेळा तिच्याखाली गेले. परंपरा सांगते की, आपल्या मराठवाड्यातील नरसीचे म्हणून ओळखले जाणारे संत नामदेव तेथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या पंढरपुरास आणल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांची समाधी देवळाच्या महाद्वारासमोर झाली. चोखोबा पापामुळे भिंतीखाली गेले, असे कोणताही वारकरी म्हणणार नाही. आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले. दुःखाला मागल्या कर्माचे फळ म्हणणारे बोल त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. ख्रिस्तमंदिरात येऊनही त्यांच्या नातवंडांनी तेच बोल निराळ्या शब्दांत ऐकावेत, याहून मोठे दुर्दैव ते कोणते?

मग ख्रिस्तसभा दुःखाविषयी मुळात काय सांगत आली? इतिहासात थोडे मागे जाऊन पाहू.

संत पौलाने करिंथकरांस इसवी सनाच्या साधारण ५५ च्या सुमारास पत्र लिहिले. आपल्याला परंपरेने जे मिळाले तेच आपण सोपवीत आहोत, असे सांगून त्याने ते थोडक्यात मांडले: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरले, तिसऱ्या दिवशी तो उठविला गेला आणि अनेकांना दिसला. म्हणजे प्रभूच्या मरणानंतर पंचवीस वर्षांच्या आतच हा विश्वास ठरीव शब्दांत बांधला गेला होता. पण त्या काळी क्रूस हे दागिन्यात घालण्याचे चिन्ह नव्हते. तो गुलामांचा आणि बंडखोरांचा फास होता. रोममधील पॅलाटाईन टेकडीवर एका भिंतीवर खरडलेले एक जुने चित्र सापडले आहे. त्यात क्रूसावर गाढवाचे डोके असलेला माणूस असून त्याला भजणाऱ्या एका ख्रिस्ती माणसाची टवाळी केली आहे. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या भुयारी दफनभूमीत मेंढपाळ काढला, मासा काढला. क्रूसावरील प्रभू मात्र फारसा काढला नाही. रोममधील संत साबिनाच्या मंदिराच्या लाकडी दारावर तो कोरला गेला तो पाचव्या शतकात, क्रूसाची शिक्षा बंद झाल्यानंतर. ज्यांनी क्रूसावरचे मरण डोळ्यांनी पाहिले होते, त्यांना त्यात शोभा दिसत नव्हती. ही गोष्ट आपण ध्यानी धरावी.

मराठीत ही कथा विस्ताराने आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या लेखणीतून. इंग्लंडात जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास उतरला आणि १६१९ साली तेथेच निवर्तला. त्याच्या आगमनानंतर चार वर्षांनी, २५ जुलै १५८३ रोजी, साष्टीतील कुंकळ्ळी येथे फादर रूदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार सहकारी मारले गेले. ख्रिस्तसभेने १८९३ साली त्यांस धन्यवादित घोषित केले. त्यांच्या निष्ठेबद्दल आम्हांस शंका नाही. पण त्याआधी त्या परिसरातील देवळे मोडण्यात आली होती आणि त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. क्रूस सत्तेच्या हाती गेला की दुसऱ्यांची दुःखे वाढवितो. हे मान्य केल्याने हुतात्म्यांचा मान कमी होत नाही.

अशा रक्तलांछित भूमीत स्टीफन्सने निराळा मार्ग धरला. नवख्रिस्ती लोकांनी, जुनी पुराणे तुम्ही वाचू देत नाही तर दुसरे पुराण तरी द्या, असे मागणे केल्याचा प्रसंग त्याच्या ग्रंथातच आला आहे. त्या मागणीतून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण साकारले आणि १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पैठणचे एकनाथ महाराज १५९९ साली समाधिस्थ झाले. म्हणजे गोदातीरी नाथांची ओवी घुमत होती तेव्हा हा परदेशी धर्मगुरू मांडवी-जुवारीच्या काठी तीच ओवी शिकत होता. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले आणि मुक्तिदात्याची वेदना त्याने मराठी घराच्या भाषेत सांगितली. सत्तेने जे हिरावले होते ते भाषेच्या वाटेने थोडे तरी परत करण्याचा हा यत्न होता, असे आम्ही मानतो.

या साऱ्या परंपरेचा गाभा काय? ख्रिस्ताचे मरण बलिदान आहे, म्हणजे रागावलेल्या देवाला रक्ताने शांत करणे नव्हे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःखी सेवक इतरांचा भार वाहतो; लोक त्याला देवाने मारलेला समजतात आणि नेमके तेथेच चुकतात. देव स्वतः पुत्राच्या रूपाने भिंतीखाली सापडलेल्यांच्या बाजूस आला. आपल्याला पित्याने टाकले काय, हा आक्रोशही त्याच्याच मुखातून निघाला. नांदेडच्या वाचकास हे समजणे अवघड जाऊ नये. पिता गुरू तेगबहादूर आणि चारही पुत्र ज्यांनी गमावले, ते गुरू गोविंदसिंह १७०८ साली याच नगरीत देह ठेवून गेले. दोन धर्मांची तत्त्वे एक नव्हेत. पण इतरांसाठी दिलेल्या प्राणापुढे मस्तक नमविणे या मातीला ठाऊक आहे.

मात्र एक भेद नीट राखला पाहिजे. प्रेमापोटी पत्करलेले दुःख तारक असते. अन्यायाने लादलेले दुःख दूर करावयाचे असते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाविषयी लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला दिला आहे, तो याचसाठी. जखमी माणसाला त्या शोमरोन्याने सहनशीलतेचा उपदेश केला नाही. तेल ओतले, पट्टी बांधली, खर्च सोसला. मार खाणाऱ्या सुनेला, सावकाराच्या पाशातील शेतकऱ्याला ‘आपला क्रूस उचला’ असे आम्ही धर्मगुरूंनी कितीदा सांगितले असेल! क्रूसाला खिळे ठोकणाऱ्यांविषयी मात्र आम्ही मौन राखले. हा आमचा दोष आम्ही येथे कबूल करतो.

आणि पुनरुत्थान? ते झाले-गेले विसरणे नव्हे. उठलेल्या प्रभूने थोमाला हात दाखविले, तेव्हा त्यांवर खिळ्यांचे व्रण होते. भूकंपानंतर ३ एप्रिल १९९४ रोजी पहिला ईस्टर आला. मराठवाड्यात रब्बीची ज्वारी भूकंपाच्याच दिवसांत पेरली जाते आणि उपवासकाळात कापणीला येते. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, हे प्रभूचे वचन आपल्या शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. नवी गावे उभी राहिली, पण किल्लारीत दर ३० सप्टेंबरला मृतांचे स्मरण आजही होते. नवे घर बांधणे आणि जुन्या भिंतीखालची नावे न विसरणे, ही दोन्ही कामे पुनरुत्थानाचीच आहेत.

पास्काच्या जागरणविधीत अंधारात नवा अग्नी पेटतो आणि मोठ्या मेणबत्तीत पाच धूपकण क्रूसाच्या आकारात बसवितात. ते प्रभूच्या पाच जखमांचे चिन्ह होत. जखमा पुसून नव्हे, तर त्या अंगावर घेऊनच ती ज्योत मंदिरात येते. ती वृद्धा आज हयात नाही. तिच्या प्रश्नाला आज आम्ही एवढेच म्हटले असते: बाई, तुमचे कोणतेही पाप नव्हते. देव तेथे होता, पण भिंत पाडणाऱ्याच्या जागी नव्हे, तर तुमच्या नातवंडांपाशी. आणि जो त्यांच्यासह मरणात उतरला, तो त्यांना तेथे सोडून एकटा वर आलेला नाही.