सुई, काळीज आणि डॉक्टर कोटणीस



आजच्या व्याख्यानाची सुरुवात एका दुरुस्तीने करायची आहे. गेल्या वर्षी ह्याच व्यासपीठावर बोलताना आम्ही एक वाक्य सहज टाकून गेलो होतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले आणि त्यांच्यामुळे अॅक्युपंक्चर भारतात आले, असे ते वाक्य. टाळ्या पडल्या. मराठी माणसाचे नाव घेतले की डोंबिवलीत टाळ्या पडतातच! नंतर चहाच्या वेळी एक निवृत्त परिचारिका जवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, कोटणीस १९४२ सालीच गेले ना? मग सुया आणल्या कोणी?"

आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो. पन्नास वर्षे तत्त्वज्ञान वाचलेल्या माणसाने असे बोलू नये, पण बोललो. घरी गेल्यावर झोप लागेना. कारण त्या प्रश्नाच्या मागे आमचा स्वतःचा आणखी एक हिशेब राहून गेला होता. तो आज आधी सांगतो, म्हणजे हा विषय आम्ही का घेतला ते कळेल.

काही वर्षांपूर्वी स्टेशनचा पूल चढताना आमच्या छातीत दाटून यायला लागले. थांबले की बरे वाटायचे. वयाचे आहे, गर्दीचे आहे, अशी समजूत घातली. मग एका स्नेह्याने सुयांच्या उपचाराला नेले. उपचार करणारा माणूस सज्जन होता. मनगटाच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मधोमध त्याने सुई टोचली. "हा हृदयाचा बिंदू," तो म्हणाला. तीन आठवडे आम्ही जात राहिलो. खोटे कशाला बोला, झोप चांगली लागू लागली, धास्ती कमी झाली. पूल चढताना मात्र छाती तशीच दाटायची, आणि ते आम्ही घरात सांगत नव्हतो. शेवटी मुलीने ओढत नेऊन स्ट्रेस टेस्ट करवली. पुढे अँजिओग्राफी, तीन ब्लॉकेज, बायपास. तेव्हा शल्यविशारद एवढेच म्हणाले, "तीन आठवडे उशीर केलात." त्यात सुईचा दोष किती आणि आमचा किती, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

म्हणून गेले वर्षभर आम्ही ह्या सुईचा इतिहास वाचला. त्यातले पहिले आश्चर्य असे, की जुन्या चिनी वैद्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होते.

चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ म्हणजे 'हुआंगदी नेइजिंग', पीतसम्राटाच्या नावावर सांगितलेला. एका लेखकाचा तो ग्रंथ नाही. इसवी सनाच्या आगेमागे अनेक हातांनी रचलेली ती संवादांची मालिका आहे, आपल्या संहितांसारखीच. त्याचे दोन भाग, 'सूवन' आणि 'लिंगशू'. त्यातल्या 'लिंगशू'मध्ये हृदयवेदनेचे दोन वर्ग केले आहेत. एका वर्गात दुसऱ्या अवयवांच्या बिघाडामुळे छातीकडे चढणारी वेदना येते. ती पाठीत जाते, पोट फुगवते, आणि तिच्यासाठी कुठे टोचावे ते दिले आहे. दुसऱ्या वर्गाला नाव आहे 'खरी हृदयवेदना'. हातपाय सांध्यांपर्यंत गार पडतात, वेदना असह्य होते. सकाळी सुरू झाली तर संध्याकाळी मृत्यू, आणि संध्याकाळी सुरू झाली तर सकाळी. तिथे एकही बिंदू दिलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने हृदयविकाराचा झटका पाहिला होता, ओळखला होता, आणि तिथे सुई खाली ठेवली होती!

आता हे 'हृदय' म्हणजे काय, इथे आमचा विषय येतो. चिनी शब्द 'शिन'. त्याचा अर्थ हृदय, आणि मनही. मेन्शियस म्हणतो की विचार करणे हे शिनचे काम. 'सूवन'मध्ये शिन हा देहातला राजा आहे, प्रज्ञा तिथून निघते. आपल्याकडे चरकानेही चेतनेचे स्थान हृदयातच मानले आहे. आणि मराठीचे काय सांगावे? आपण 'काळीज फाटले' म्हणतो तेव्हा छातीवर हात ठेवतो, आणि मटणवाल्याकडे काळीज मागितले की तो यकृत देतो. तेव्हा चिनी ग्रंथात 'हृदयावर उपचार' असे लिहिले असेल, तर त्यात निद्रानाश आला, भीती आली, धडधड आली, विसरभोळेपणाही आला. आमची झोप सुधारली ती त्या जुन्या अर्थाने 'हृदयाचा' उपचारच होता. आमच्या धमन्या त्या अर्थात बसत नव्हत्या. त्या सज्जन माणसाने एक शब्द वापरला, आम्ही दुसराच ऐकला.

त्या ग्रंथातली आणखी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. हृदय हा राजा, म्हणून रोग त्याच्यापर्यंत पोचू द्यायचा नाही. पोचला तर प्राण जातो. मग घाव झेलायचा कोणी? हृदयाभोवतीच्या आवरणाने, ज्याला डॉक्टर पेरिकार्डियम म्हणतात. म्हणून आमच्या मनगटावरचा तो बिंदू, त्याचे नाव 'नेइग्वान' म्हणजे आतली चौकी, हा हृदयाच्या मार्गावर नाहीच. तो आवरणाच्या मार्गावर आहे. किल्ल्यावर चाल आली तर आधी दरवाजावरचा पहारेकरी लढणार, तशी ही रचना. शरीरशास्त्र म्हणून पाहू नका, राज्यशास्त्र म्हणून पाहा. हान साम्राज्याच्या काळातल्या माणसांना देह असाच दिसला, राजा, मंत्री, कोठारे, कालवे.

आणि हे मार्गही काही आकाशातून पडलेले नाहीत. १९७३ साली चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे इसवी सनपूर्व १६८ मधले एक थडगे उघडले. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ मिळाले. त्यात मार्ग अकरा आहेत, बारा नाहीत. जो कमी आहे तो नेमका हृदयाच्या आवरणाचा. आणि सुई कुठेही नाही! उपचार आहे तो डागण्याचा, एक वनस्पती जाळून शेक द्यायचा. ती वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली. आपल्याकडेही आजी पोट दुखणाऱ्या पोराला डागायचीच की. सोन्याचांदीच्या सुया मिळाल्या त्या ल्यू शंग नावाच्या राजपुत्राच्या थडग्यात, हपेइ प्रांतात, १९६८ साली. तो राजपुत्र वारला इसवी सनपूर्व ११३ मध्ये. 'लिंगशू'त नऊ प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत, त्यातल्या काही तर सरळ गळू फोडायच्या, रक्त काढायच्या. म्हणजे 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' हे जे जाहिरातीत असते, तिचे वय निम्म्याने तरी कमी करावे लागते.

अखंडही नाही. १०२७ साली वांग वेइयी ह्या वैद्याने सम्राटाच्या आज्ञेवरून बिंदू कोरलेले काशाचे पुतळे ओतवले, विद्यार्थ्यांची परीक्षा त्यावर होई. हा वैभवाचा काळ. आणि १८२२ साली चिनी सम्राटानेच राजवैद्यकीय संस्थेतून सुईचा विभाग कायमचा बंद केला. १९२९ मध्ये नानजिंग सरकारपुढे सगळे जुने वैद्यकच मोडीत काढण्याचा ठराव आला, वैद्यांनी मोठे आंदोलन केले म्हणून तो टळला. सुई तेव्हा खेड्यात, बाजारात, गरिबाघरी उरली होती.

ह्या अशा चीनमध्ये आपले डॉक्टर गेले. जपानने चीनवर आक्रमण केले होते, सेनापती जू द यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली, आणि काँग्रेसने पाच जणांचे पथक पाठवले. प्रमुख डॉ. अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस, वय अवघे सत्तावीस, मुंबईच्या गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले. चोळकरांचे नाव आपण मराठी लोक विसरतो, म्हणून मुद्दाम घेतले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले.

कोटणीसांचे पुढचे आयुष्य आपल्याला शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ठाऊक आहे. येनानला पोचणे, मग आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तरेच्या आघाडीवर जाणे, १९४१ साली डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद, परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याशी विवाह, मुलगा यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. हपेइ प्रांतातच, थांग तालुक्यातल्या गगोंग गावी, ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. वय बत्तीस.

आता तारखा लावून पाहू. माओंनी पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना जुन्या वैद्यांशी हातमिळवणी करायला सांगितले ते १९४४ मध्ये. येनानच्या शांतता रुग्णालयात सुईचा विभाग उघडला तो एप्रिल १९४५ मध्ये. कोटणीसांना जाऊन तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. ते शस्त्रक्रिया करणारे होते, जखमी सैनिकांच्या गोळ्या काढणे, हातपाय वाचवणे हे त्यांचे काम. ते चीनला वैद्यक शिकायला गेले नव्हते, द्यायला गेले होते. आम्ही त्यांच्या हातात सुई दिली, ती आमच्या कल्पनेतली.

येनानमध्ये सुई शिकलेल्या डॉक्टरांत जू लियान नावाच्या एक बाई होत्या, शिक्षण पाश्चात्त्य वैद्यकाचे. १९५१ साली त्यांनी नव्या सुईशास्त्रावर ग्रंथ लिहिला, आणि त्यात प्राणशक्ती, म्हणजे 'ची', बाजूला ठेवून सगळे मज्जासंस्थेच्या भाषेत मांडले. डॉक्टर थोडे आणि रोगी कोट्यवधी, अशी देशाची गरज होती. सुई स्वस्त होती. पुढे अनवाणी डॉक्टरांच्या पेटीतही ती गेली.

आणि भारतात आणली ती डॉ. बिजयकुमार बसू यांनी, त्याच पाचांपैकी एकाने. १९४३ मध्ये ते परत आले, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे सुई शिकले आणि कलकत्त्यात उपचार सुरू केला. आपल्या मित्राच्या नावाने स्मारक समिती चालवली, आणि त्या समितीच्या दवाखान्यांत सुया टोचल्या जाऊ लागल्या. पाटीवर कोटणीस, आत सुई. गोंधळ झाला तो इथे. बसूंना स्वतःच्या नावाची हौस नव्हती, म्हणून इतिहासात त्यांच्यावर अन्याय झाला, आणि त्यात आमचाही हात लागला.

तर मग हृदयाचे काय? तुमच्यापैकी किमान दहा जण मनात हेच विचारत असतील. आम्ही डॉक्टर नाही, पण वाचता येते. २००६ साली बीबीसीने शांघायमध्ये सुयांच्या आधारे झालेली हृदयशस्त्रक्रिया दाखवली आणि जगाने तोंडात बोट घातले. नंतर बाहेर आले की त्या मुलीला गुंगीची औषधे, तीव्र वेदनाशामक आणि स्थानिक भूल, सगळे दिले होते. हा एक टोकाचा प्रकार. दुसरीकडे २०१९ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात चीनमधला एक नेटका अभ्यास आला. स्थिर अंजायनाचे ४०४ रुग्ण, चार गट, चार आठवड्यांत बारा वेळा सुया. नेइग्वान आणि थोंगली ह्या दोन बिंदूंवर टोचलेल्यांना छातीत दुखण्याचे प्रसंग बाकीच्या गटांपेक्षा कमी आले, खोट्या सुया लावलेल्यांपेक्षाही. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण सर्व रुग्णांची नेहमीची औषधे चालू होती. सगळे तपासलेले, निदान झालेले रुग्ण होते. धमनीतला अडथळा विरघळला असे त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही. आमचे निदान झाले नव्हते आणि औषध चालू नव्हते. फरक तेवढाच, आणि तो तीन आठवड्यांचा.

आपल्या राज्याने २०१५ चा अॅक्युपंक्चर कायदा केला, नोंदणीची सोय झाली, हे चांगलेच झाले. ज्याच्याकडे जाता त्याची नोंदणी विचारायला लाजू नका, आणि आधी ईसीजी काढला का, हे त्यानेच तुम्हाला विचारले तर त्याच्याकडे जरूर परत जा. आम्हाला ते कोणी विचारले नव्हते. आम्हीही सांगितले नव्हते.

त्या परिचारिका बाई आज समोर बसल्या आहेत, तिसऱ्या रांगेत. बाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर वर्षभर उशिरा देतो आहोत: सुया डॉ. बसूंनी आणल्या. आणि संयोजकांना विनंती अशी, की गेल्या वर्षीच्या व्याख्यानाची जी लेखी प्रत ठेवली आहे, तिच्यातले ते वाक्य काढू नका. त्याच्याखाली आजची तारीख घालून दुरुस्ती छापा, आणि चोळकरांचे नावही त्यात येऊ द्या.

आता प्रश्न असतील तर घेऊ. नऊ पाचची लोकल ज्यांना पकडायची आहे त्यांनी आधी विचारावे.