शेवट माहीत असताना

जुलैमध्ये वाडीला, म्हणजे आमच्या नृसिंहवाडीला गेलं की दोन गोष्टी ठरलेल्या. कृष्णेचं पाणी किती पायऱ्या चढलं याची दिवसातून चारदा चौकशी, आणि आम्हा भावंडांचं हॅरी पॉटर. पहिल्या भागापासून आठव्यापर्यंत, क्रमाने. २००१ ते २०११ या काळात आलेले आठ चित्रपट, मिळून जवळजवळ वीस तास. बाहेर पाऊस, आत एक लॅपटॉप आणि कवठाची बर्फी.

एका वर्षी आजीने विचारलं, "शेवट ठाऊक आहे ना तुम्हाला? मग परत कशाला बघताय?"

मावसबहीण म्हणाली, "आजी, तू गुरुचरित्र कितव्यांदा ऐकतेस?"

आजी हसली आणि आत गेली. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. माहीत असलेली गोष्ट माणसं पुन्हा पहिल्यापासून का बघतात?

याला आपल्याकडे जुना शब्द आहे : पारायण. आवडीचं पान उघडून वाचणं म्हणजे पारायण नव्हे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता, ठरलेल्या दिवसांत वाचायचं. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्राचा सप्ताह दत्तजयंतीच्या आधी वाडीत घरोघरी चालतो. रोजचा वाटा सारखा नसतो. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, पाचव्या दिवशी फक्त तीन. आमच्याकडे आजोबा वाचायचे आणि आजी ऐकायची.

या ग्रंथातला एक भाग तर आमच्या समोरच्या काठावरच घडतो. नृसिंहसरस्वती या संगमावर बारा वर्षं राहिले अशी परंपरा आहे. अठराव्या अध्यायात ते अमरापुरात एका गरीब ब्राह्मणाच्या घरी भिक्षेला जातात. पलीकडचं औरवाड म्हणजेच ते अमरापूर, असं इथे मानतात. त्या घरी धान्य नाही. दारात घेवड्याचा वेल आहे आणि त्याच्या शेंगांवर कुटुंब जगतंय. गुरू ती भाजी जेवतात आणि जाताना वेल उपटून टाकतात. घरातली बाई रडू लागते. पुढे नवरा उरलेलं मूळ खणायला जातो, तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ सापडतो.

लहानपणी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला प्रचंड राग आला होता. जेवला आणि वर वेल उपटला? दुसऱ्या वर्षापासून राग आला नाही, कारण कुंभ आहे हे मला माहीत होतं. तिथेच माझी एक चूक झाली, पण ती पुढे सांगतो.

आपला सिनेमासुद्धा माहीत असलेल्या गोष्टींवरच उभा राहिला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. हरिश्चंद्राला राज्य परत मिळतं की नाही, हे शोधायला तिथे कोणी आलं नसणार. चारच वर्षांनी फाळक्यांनी तीच गोष्ट पुन्हा चित्रित केली. १९२० मध्ये कोल्हापुरात, वाडीपासून पन्नासेक किलोमीटरवर, बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' काढला. कीचक मरणार हे तर घरातल्या पोरांनाही ठाऊक होतं. तरी त्याच्या वधाचं दृश्य इतकं जिवंत वठलं की सेन्सॉरने ते कापायला लावलं. शेवट माहीत असल्याने धक्का कमी झाला नव्हता.

पुढे १९३२ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' केला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच. मग बदललं काय? १९१३ मध्ये बायका सिनेमात काम करायला तयार नव्हत्या, म्हणून तारामती झाले होते अण्णा साळुंके नावाचे पुरुष नट, आणि चित्रपट मुका होता. १९३२ मध्ये तारामती दुर्गा खोटे झाल्या आणि चित्रपट बोलत होता. एकोणीस वर्षांत गोष्टीचा शेवट तोच राहिला, पण तारामतीचं दुःख पडद्यावर एका बाईच्या आवाजात ऐकू आलं. पुढे काय होणार याची चिंता नसलेल्या प्रेक्षकालाच असं काही नीट ऐकायला सवड मिळते.

हॅरी पॉटरकडे परत येऊ. (इथे स्पॉयलर आहे, पण एव्हाना तुमचंही एखादं पारायण झालं असेलच.) पहिल्यांदा बघताना स्नेप नकोसा वाटतो. शेवट कळल्यावर पहिला भाग लावा. तोच चेहरा, तीच तुटक वाक्यं, पण आता तो हॅरीकडे बघतो तेव्हा नक्की कोणाकडे बघतोय हे तुम्हाला माहीत असतं. स्नेपची भूमिका करणाऱ्या अॅलन रिकमनला लेखिका जे. के. रोलिंग यांनी शेवटची पुस्तकं येण्याच्या कितीतरी आधीच त्या पात्राचं एक गुपित सांगून ठेवलं होतं. आपण दुसऱ्यांदा बघताना त्याच्या बरोबरीला येतो.

सलग बघताना आणखी एक गोष्ट होते. डम्बलडोर झालेले रिचर्ड हॅरिस ऑक्टोबर २००२ मध्ये, दुसरा भाग लागायच्या आधीच गेले. तिसऱ्या भागापासून मायकेल गॅम्बन आले. आमच्याकडे या दोन भागांच्या मध्ये फक्त चहा होतो. तेवढ्यात एक माणूस गेलेला असतो, मुलांचे आवाज फुटलेले असतात. दहा वर्षं अशी डोळ्यांसमोरून जातात.

आजोबा गेले त्या वर्षी सप्ताह वाचायला मी बसलो. मला सगळं दीडपट वेगाने ऐकायची सवय. व्हॉट्सअॅपचे व्हॉइस मेसेजसुद्धा. दुसऱ्या दिवशी अठरावा अध्याय आला आणि मी सुसाट निघालो. वेल उपटला, आता कुंभ.

आजी म्हणाली, "हळू वाच. तिचं रडून होऊ दे."

मी थांबलो. इतकी वर्षं मी कुंभाकडेच बघत होतो. पण त्या बाईला कुंभाचं काही माहीत नाही. तिच्यापुरतं उद्याचं जेवण गेलेलं आहे. आम्हाला शेवट ठाऊक होता, म्हणून तिच्याजवळ दोन मिनिटं थांबणं आम्हाला परवडणार होतं, आणि मी नेमकं तेच दरवर्षी गाळत आलो होतो. आजी मात्र थांबत होती. त्या वर्षी तर तिच्याही दारातला वेल गेला होता.

गुरुचरित्राच्या शेवटी अवतरणिका येते. म्हणजे सगळे अध्याय संपवल्यावर, त्या अध्यायांत काय होतं ते पुन्हा थोडक्यात सांगतात. पूर्वी मला ती उगाच वाटायची. आता वाटतं, ग्रंथ लिहिणाऱ्याला माहीत होतं की इथपर्यंत आलेला माणूस पुन्हा पहिल्या पानावर जाणार आहे.

पावसाळ्यात पाणी चढलं की कृष्णा देवळाच्या उत्तरेच्या दारातून आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. हा दक्षिणद्वार सोहळा. काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी लोक अपरात्री उठून स्नानाला येतात. पण पाणी दरवर्षी तिथेच थांबत नाही. २००५ मध्ये, २०१९ मध्ये ते घरांत आलं आणि लोकांना गाव सोडून जावं लागलं. नदी किती चढेल ते आधी कळत नाही. अशा गावात, शेवट माहीत असलेली एक गोष्ट दरवर्षी जवळ असणं ही काही चैन नाही.

यंदा जुलैमध्ये आम्ही पुन्हा पहिला भाग लावला. आजी येऊन बसली. स्नेप पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा तिने विचारलं, "हा वाईट आहे का?"

आम्ही कोणीच काही सांगितलं नाही.