वऱ्हाडातील अपस्मार व त्याची चिकित्सा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्माराचे चार प्रकार सांगितले असून त्यांपैकी सान्निपातिक प्रकार असाध्य मानला आहे. औषधास न जुमानणारा एक वर्ग या व्याधीत असतो, हे निरीक्षण असे फार जुने आहे. आधुनिक वैद्यकाने २०१० साली त्यास व्याख्येत बसविले : सुयोग्य अशी दोन औषधे पुरेशा मात्रेत व नियमाने देऊनही झटके थांबत नाहीत, तेव्हाच अपस्मार औषधरोधी म्हणावा. रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश या वर्गात मोडतात.

वऱ्हाडच्या इतिहासास ही व्याख्या लावणे अवघड पडते; कारण औषधाचा नियम हीच येथे दुर्मीळ गोष्ट होती. फेनोबार्बिटोनचा गुण १९१२ साली व फेनिटॉइनचा १९३८ साली प्रत्ययास आला. परंतु ‘मिरगी’ आलेल्याच्या नाकाशी कांदा अथवा जोडा धरण्याचा प्रघात त्यानंतरही सुटला नाही. अकोला-बडनेऱ्यावरून लोहमार्ग १८६७ सालीच नागपुरास पोहोचला होता. तेथील वैद्यकीय महाविद्यालय मात्र १९४७ साली निघाले, आणि अकोल्यास शासकीय महाविद्यालय येण्यास २००२ साल उजाडले.

अंतराहूनही कठीण अडसर विवाहाचा. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा विवाह रद्द ठरविण्याजोगा दोष झाला. ते शब्द १९९९ साली गाळले गेले. मधल्या तेवीस वर्षांत रोग लपविण्याच्या जुन्या प्रवृत्तीस कायद्याचेच बळ मिळाले, असे म्हणणे भाग आहे. उपवर कन्येच्या गोळ्या सासरी उघडपणे चालू राहणे शक्य नव्हते; आणि गोळ्या खंडित झाल्या की झटके परततात. अशा रुग्णाचा रोग औषधरोधी नव्हे, औषधवंचित होय.

खऱ्या औषधरोधी रोगासाठी शस्त्रक्रियेची वाट भारतात वेल्लोर येथे उघडली. माँट्रियल येथे पेनफील्ड यांच्याकडे शिकलेल्या जेकब चँडी यांनी १९५२ साली तेथे अपस्मारावर शस्त्रक्रिया केली. मेंदूचा दोषी भाग काढणे ज्यांच्या बाबतीत शक्य नसते, त्यांच्यासाठी खोल मेंदूच्या विद्युत्-उद्दीपनाचा उपाय पुढे आला. थॅलॅमसच्या अग्रकेंद्रकात दोन्ही बाजूंस बारीक तारा बसवून, छातीच्या त्वचेखालील यंत्राद्वारे त्यांत प्रवाहाचे स्पंद सोडतात. अमेरिकेत ११० रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर झटक्यांतील मध्यगा घट ५६ टक्के आढळली. सर्वस्वी झटकेमुक्त झालेले रुग्ण थोडेच. त्या देशात या उपचारास २०१८ साली मान्यता मिळाली.

प्रवाहाची मात्रा जुळविण्यासाठी तज्ज्ञाकडे वारंवार जावे लागते. घट संपला की यंत्र बदलण्याची शस्त्रक्रियाही आलीच. औषधेही बहुधा चालूच ठेवावी लागतात. मेळघाटातील धारणीच्या रुग्णास अमरावती गाठावयाची म्हणजेच घाट उतरून दिवस मोडावा लागतो, आणि मेंदूत तारा बसविणारी रुग्णालये तर मोठ्या शहरांतच आहेत.