दातांकडून झोपेकडे

झोपेत दात खाणाऱ्या माणसाला स्वतःला त्याचा पत्ता बहुधा नसतो. तक्रार करतो तो शेजारी झोपणारा: मध्यरात्री करकर ऐकू येते, झोपमोड होते आणि मग डोळा लागत नाही. प्रत्यक्ष रुग्ण दवाखान्यात येतो तो वेगळेच गाऱ्हाणे घेऊन. सकाळी जबडा आखडलेला असतो, कानशिले ठणकतात, नाहीतर भरलेल्या दाढेचा टवका उडालेला असतो. ही दोन गाऱ्हाणी एकाच रात्रीची आहेत हे ओळखले, की या विषयात वाचकाचा प्रवेश झाला. दंतवैद्य, मज्जासंस्थेचे आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ अशा सर्वांचे इथे काम आहे.

फ्रान्समध्ये मारी आणि पिएत्किएविच यांनी १९०७ मध्ये दात खाण्याच्या सवयीला वैद्यकीय नाव दिले. पुढे बराच काळ दोष दातांच्या ठेवणीवर टाकला गेला. वरखाली दात नीट बसत नाहीत म्हणून माणूस ते घासतो, असे मानून कित्येकांचे चांगले दात कानशीने घासून ‘जुळवले’ गेले. झोपेच्या प्रयोगशाळांनी हे चित्र पालटले. माँट्रियलमध्ये जील लाविन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूची, हृदयाची आणि जबड्याच्या स्नायूंची एकाच वेळी नोंद घेतली. बहुतेक वेळा झोप हलकी असताना दात खाल्ले जातात. आधी शरीराची सावध राहण्याची यंत्रणा चाळवते, दात घासले जाण्याच्या काही सेकंद आधी मेंदूच्या लहरी वेगावतात, मग हृदयाची गती वाढते आणि सर्वांत शेवटी जबडा हलतो. झोप चाळवण्याची सुरुवात मेंदूत होते आणि दात त्या साखळीच्या अगदी शेवटी येतात. दात न खाणाऱ्या जवळपास ६० टक्के माणसांतही चावण्याचे स्नायू झोपेत असे लयीत थोडेफार हलतात, ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. म्हणजे मूळ हालचाल स्वाभाविक आहे. काहींच्या बाबतीत ती वारंवार आणि जोराने होते, एवढेच.

मग विश्रांतीचे काय? इथे घाई नको. दात खाणाऱ्या अनेक निरोगी तरुणांच्या झोपेचा आलेख जवळजवळ इतरांसारखाच असतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही निरोगी व्यक्तीतील ही सवय म्हणजे आजार नव्हे, असे स्पष्ट केले. म्हणूनच जो रुग्ण दात खातो आणि दिवसभर थकलेलाही असतो, त्याच्या थकव्याचे कारण दातांपाशी शोधून थांबू नये. घोरणे आणि श्वास अडकणे, निद्रानाश, छातीत जळजळ, मनावरचा ताण, संध्याकाळनंतरची कॉफी, दारू, तंबाखू, नैराश्यावरच्या काही गोळ्या, हे सारे विचारावे लागते.

तपासणीत एक गोष्ट जरूर करून पाहावी. रुग्णाला खालचा जबडा हळूहळू बाजूला सरकवायला सांगावे. सुळ्याचे टोक झिजून सपाट, चकचकीत झालेले असेल, तर एका ठिकाणी वरचा आणि खालचा सपाट भाग एकमेकांवर तंतोतंत बसतात. जेवताना जबडा सहसा इतका बाजूला जात नाही, म्हणजे ही झीज दात खाण्याची असावी. मात्र ही झीज जुनीही असू शकते. आजही दात खाल्ले जातात का, हे केवळ तिच्यावरून ठरत नाही.

आपल्याकडे मूल दात खाऊ लागले की घरात ‘जंत झाले असतील’ असे म्हणतात. जंत हेच कारण असल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयाबरोबर कमी होते. पण मूल तोंड उघडे टाकून झोपत असेल, घोरत असेल, तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी तपासायलाच हव्यात.

उपचारांवर या ग्रंथात सविस्तर प्रकरण आहे. नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायची पट्टी, दातांची झीज रोखतो. दात खाणे थांबवण्याची हमी तो देत नाही. झोपेत श्वास अडकणाऱ्या काही रुग्णांत वरच्या जबड्यावरच्या पट्टीने श्वास अडकण्याचे प्रमाण वाढल्याचेही आढळले आहे. तेव्हा पट्टीसाठी माप घेण्याआधी रुग्णाच्या जोडीदाराला बोलावून रात्री काय काय ऐकू येते ते विचारावे, आणि घोरणे मध्येच थांबते असे कळले तर आधी झोपेची तपासणी करून घ्यावी.