कोयना भूकंप : पुनरावृत्तीचे गणित

कोयनानगर येथे ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात (महत्ता सु. ६.३) पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सु. २०० किमी. दूरच्या ठाणे, कल्याण, ठाकुर्ली परिसरातील लोकांपुढेही तेव्हापासून एकच प्रश्न आहे : पुन्हा केव्हा?

गुटेनबर्ग व रिश्टर यांच्या १९४४ मधील नियमानुसार महत्ता एका एककाने वाढली की भूकंपांची संख्या साधारणपणे एकदशांश होते. त्यामुळे लहान धक्क्यांच्या मोजदादीवरून मोठ्यांची सरासरी वारंवारता काढता येते. तारीख मात्र काढता येत नाही. सरासरीलाच भाकीत मानण्याचा मोह किती फसवा असतो, हे कॅलिफोर्नियातील पार्कफील्डने दाखविले. तेथे १८५७–१९६६ या काळात सहा भूकंप सरासरी २२ वर्षांनी झाले होते. म्हणून पुढचा १९९३ पूर्वी अपेक्षिला गेला. तो २००४ मध्ये आला.

कोयनेचे गणित आणखी अवघड आहे. प्रत्येक भूकंप स्वतंत्र घटना होय, हे साध्या प्रतिमानाचे गृहीतक येथे लागू पडत नाही. कारण १९६२ पासून भरू लागलेल्या जलाशयाच्या पातळीतील चढउतारांशी धक्क्यांचा संबंध आढळतो. हर्ष गुप्ता व सहकाऱ्यांनी २००५ पासून लहान धक्क्यांच्या समूहांवरून सु. ४ महत्तेच्या काही भूकंपांची पूर्वसूचना दिली.